सात कांड्यांचे साहेब

दुय्यम साहेबांना मिळायच्या होत्या फक्त दोन कांड्या. वॉकीटॉकीच्या डोक्यावर एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची जी काडी असते, तिच्या टोकाकडच्या दोन बारीक नळ्या. दोन्ही मिळून वीतभरही भरल्या नसत्या. पण त्या वीतभर नळ्यांना धरून काय काय ओढत येणार होतं, ते दुय्यम साहेबांना तोंडपाठ होतं. दार असलेली खोली, कारण त्यांच्या खोलीला सध्या नुसती चौकट होती. हात टेकायची खुर्ची. टेबलावर घंटी. आणि मुख्य म्हणजे टेकडीच्या पायथ्याचा बंगला, पाण्याच्या टाकीला इतका चिकटून की त्याच्या नळाला रात्रंदिवस धार.

सगळ्या गावाला पाणी वाटणारा हा माणूस स्वतः राहत होता पाइपलाइनच्या शेपटाला, तिसऱ्या मजल्यावर. त्याच्या नळातून सकाळी आधी हवा यायची, मग म्हातारा खाकरल्यासारखा आवाज, मग करंगळीएवढी धार, आणि बादली निम्मी होते न होते तोच सगळं शांत. बायको उरलेल्या बादल्या खालच्या हौदावरून चढवायची आणि प्रत्येक मजल्याच्या वळणावर थांबून एकेक वाक्य बोलायची.

पहिल्या वळणावर, "माझ्या धाकट्या बहिणीकडे टब आहे."

दुसऱ्या वळणावर, "तिचा नवरा झोपून आंघोळ करतो."

आणि दारात बादली आदळत, "आणि तो तर नुसता विमावाला आहे!"

साडूचा टब दुय्यम साहेबांच्या मानेवर असा बसला होता. तो उतरवायचा तर दोन कांड्या हव्या होत्या.

आता काडीचा आणि बंगल्याचा संबंध काय, असं कुणी विचारेल. पाणीखात्याबाहेर तो कुठेच नव्हता. टेकडीमागे मोबाइल मुका होतो म्हणून खात्यानं वॉकीटॉकी घेतले, तेव्हा दुकानाचा माणूस ते शिकवायला आला होता. तो म्हणाला, "काडी पायरीपायरीनं वर घ्या. आवाज साफ येईल तिथे थांबा. जास्त लांब म्हणजे जास्त चांगली, असं नसतं." एवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन वाजला. ते बोलून परत आले तोवर दुकानाचा माणूस चहा संपवून वाटेला लागला होता.

"काय सांगून गेला?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"काडी पायरीप्रमाणे ठेवायची म्हणाला, साहेब," हेडक्लार्क म्हणाले. ते थोडे कमी ऐकायचे आणि राहिलेलं स्वतःच्या पदरचं घालायचे.

मोठे साहेब एकदम खूश झाले. "अगदी बरोबर! माणसानं पायरी ओळखूनच राहिलं पाहिजे." आणि संध्याकाळच्या आत हुकूम निघाला. मोठ्या साहेबांची काडी पुरी सात कांड्यांची. दुय्यम साहेबांची पाच. पंपावरच्या माणसाची चार. टेकडीवर टाकीची चावी फिरवणाऱ्या बाईंची तीन. पुढे त्यात शिष्टाचार शिरला. वरचा माणूस समोर आला की खालच्यानं एक कांडी आत घ्यायची, टोपी काढतात तशी. दोन वरिष्ठ समोर आले तर दोन. पंपवाला तर बैठकीत जवळजवळ काडीविनाच बसायचा.

फायदा तोटा बघायचा तर या व्यवस्थेत एकच खोट होती. मोठ्या साहेबांना काहीच ऐकू येत नसे. त्यांच्या सात कांड्यांतून अखंड खरखर यायची. पण ते मुरलेले अधिकारी होते, खरखरीला होकार समजायचे. "पश्चिमेचं पाणी सोडलं का?" ते विचारायचे. खर्रर्र. "छान," असं म्हणून ते वॉकीटॉकी खाली ठेवायचे. त्यांचं बोलणंही टाकीपर्यंत पोचत नव्हतं, त्यामुळे चावीवाल्या बाई कित्येक वर्षं स्वतःच्या अंदाजानं पाणी सोडत होत्या आणि गावाचं बरं चाललं होतं.

दुय्यम साहेबांच्या पाच कांड्यांना अर्धं ऐकू यायचं, आणि अर्ध्यानंच घात होतो. एकदा बाईंनी विचारलं, "बाजारपेठेचं बंद करू का?" दुय्यमांना आलं, "...पेठेचं... करू का?" ते म्हणाले, "करा, करा." त्या दिवशी बाजारपेठेतले न्हावी गिऱ्हाइकांच्या गालांवर फेस लावून नळाकडे बघत बसले. तेव्हापासून दुय्यम साहेब वॉकीटॉकीवर मोघमच बोलायचे. "बघा काय ते," "नेहमीसारखं," "आलं लक्षात." त्यामुळे वर त्यांची शहाणा माणूस अशी ख्याती झाली होती.

आणि मग एका दुपारी कपाटाच्या दारात काडी सापडली.

दुय्यम साहेब फाईल काढायला वाकले, वॉकीटॉकी कमरेला होता, दार फटकन आलं आणि काडीचं टोक चेपून दोन कांड्या आत गेल्या. त्यांच्या तोंडून शिवी निघणार एवढ्यात कमरेतून बाईमाणसाचा आवाज आला, इतका स्वच्छ की त्यांनी आधी मागे वळून पाहिलं.

"दोन सुलट, एक उलट. दोन सुलट, एक... मेलं, चुकलं वाटतं."

चावीवाल्या बाई विणत होत्या. कोपराखाली बटण दाबलं गेलं असावं. सुयांची टिकटिकसुद्धा ऐकू येत होती.

दुय्यम साहेबांनी काडी ओढून पाच केली. सुलट गेलं, उलट गेलं, खरखर आली. पुन्हा तीन केली. "...बाही आखूडच होणार ही." पुन्हा पाच, खरखर. सात करून पाहण्याची छाती नव्हती, पण चौकटीबाहेर कुणी नाही हे बघून त्यांनी तेही केलं. तिथे तर मोठ्या साहेबांच्या खोलीतलीच ओळखीची, भरदार, अधिकारी खरखर.

दुय्यम साहेब खुर्चीत बसले. त्यांच्या लक्षात सगळं आलं. तीन कांड्यांवर ऐकू येतं. म्हणजे सगळ्या खात्यात ऐकू येण्याजोगी काडी फक्त चावीवाल्या बाईंची. म्हणजे हुकूम चुकीचा. म्हणजे मोठे साहेब इतकी वर्षं भिंतीशी बोलत होते.

दुसरा कुणी धावत सांगायला गेला असता. दुय्यम साहेबांनी आधी बेरीज वजाबाकी केली. सांगितलं तर काडीला किंमत राहणार नाही. काडीला किंमत नसेल तर सातला काय अर्थ? आणि सात नसतील तर बंगला कुठला? ज्या शिडीवरून आपल्याला चढायचंय तिची पायरी आपणच काढायची, इतके काही ते साधे नव्हते.

रात्री जेवताना मात्र बायकोला सांगितल्यावाचून राहवलं नाही. तिनं ऐकून घेतलं. अवघड गोष्टी ती नेहमीच लवकर समजायची.

"म्हणजे तीन कांड्यांनी ऐकू येतं?"

"हो."

"आणि सात कांड्यांनी बंगला मिळतो?"

"हो."

"मग अहो, ऐकायचंय कुणाला?"

एवढ्यावर विषय संपला. पण काम तर करायला हवं. चारचौघांत काडी आखूड करावी तर लोक म्हणणार, दुय्यम साहेबांची पायरी घसरली. खोलीला दार नाही. तेव्हा बाईंशी बोलायचं झालं की दुय्यम साहेब वॉकीटॉकी घेऊन शौचालयात जायचे, कडी लावायचे, दोन कांड्या आत ढकलायचे आणि गावाचा पाणीपुरवठा तिथून सुरळीत करायचे. त्या काळात गावाला जितकं वेळेवर पाणी मिळालं तितकं आधी कधी मिळालं नव्हतं. मोठे साहेब म्हणायचे, "माझं सगळं बारकाईनं लक्ष आहे." आणि कचेरीत कुजबुज सुरू झाली.

"दुय्यम साहेबांना फार वेळा जावं लागतं हो हल्ली."

"साखर असणार. माझ्या मामांना अशीच सुरुवात झाली होती."

हेडक्लार्कांनी तर न बोलता त्यांच्या चहातली साखर बंद करून टाकली. ज्ञानासाठी दुय्यम साहेबांनी मोजलेली ही पहिली किंमत.

मग बातमी आली. मोठे साहेब निवृत्त होणार होते, आणि जाण्यापूर्वी कचेरीसमोर एक कारंजं बांधून जाणार होते. उद्घाटनाला मुख्य कचेरीतले वरचे साहेब येणार, फीत कापणार, आणि स्वतःच्या तोंडानं वॉकीटॉकीवर "पाणी सोडा" म्हणणार. टेकडीवरच्या बाई चावी फिरवणार आणि पाणी आभाळाला भिडणार. मोठ्या साहेबांनी दुय्यमांना खोलीत घेतलं आणि दार लावलं. त्या दाराचा मऊ आवाज दुय्यमांच्या काळजाला भिडला.

"सगळं तुमच्यावर सोपवतोय. नीट पार पडलं तर माझ्या जागी तुमचंच नाव सुचवणार. बोलून ठेवलंय मी वर."

"आपली कृपा, साहेब."

"कृपा कसली! तुम्ही पायरी ओळखून राहणारे आहात." मग हळूच, "एक सांगा, वरच्या साहेबांसाठी काडी किती कांड्यांची?"

हा प्रश्न खरंच बिकट होता. सातच्या वर काडी बनतच नव्हती. शेवटी दुरुस्तीवाल्याकडून दुसऱ्या काडीच्या दोन नळ्या जोडून घेतल्या आणि नऊ कांड्यांची काडी तयार झाली. मासे पकडायच्या गळासारखी ती वाऱ्यावर डुलायची. वॉकीटॉकी टेबलावर उभा केला की तो तिच्या वजनानं आडवा व्हायचा, म्हणून त्याला एक बैठक करून घेतली. शेवटी कारंज्याजवळची पाणी बंद करायची झडप पाहुण्यांच्या बुटाला खटकेल म्हणून वरून फरशी बसवून टाकली. ती कुठे गेली हे दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवेना, पण पाणी टेकडीवरूनच बंद होणार असल्यामुळे कुणी आठवायचे कष्टही घेतले नाहीत.

उद्घाटनाच्या दिवशी मांडव गच्च भरला. दुय्यम साहेबांची बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. शेजारी धाकटी बहीण आणि तिचा विमावाला नवरा. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

"भावजी कुठे आहेत हो?" साडूनं विचारलं.

"ते काय, पाच कांड्यांचे," बायको म्हणाली. "आजच्या दिवस."

वरचे साहेब उभे राहिले. नऊ कांड्या डुलल्या. "पाणी सोडा," ते भारदस्तपणे म्हणाले.

खर्रर्र.

"हो म्हणतायत," मोठे साहेब कानाशी लागून म्हणाले. सगळे कारंज्याकडे बघू लागले. कारंजं कोरडं ठणठणीत.

"पाणी सोडा," वरचे साहेब पुन्हा म्हणाले, थोडं कमी भारदस्त. मोठ्या साहेबांनी, वरच्या साहेबांसमोर एक आत घेऊन उरलेल्या, आपल्या सहा कांड्यांवरूनही सांगून पाहिलं. खरखरीला खरखर मिळाली. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं, अगदी तिसऱ्या मजल्यावरच्या नळासारखं.

आणि इथे शिष्टाचार दुय्यम साहेबांच्या मदतीला धावला. समोर दोन वरिष्ठ होते. एकासाठी एक कांडी, दुसऱ्यासाठी दुसरी. पाचातून दोन गेल्या, राहिल्या तीन! चारचौघांत, उजळ माथ्यानं, नियमाला धरून तीन. दुय्यम साहेबांनी नम्रपणे दोन कांड्या आत घेतल्या, ध्वनिक्षेपकाच्या खोक्याआड झाले आणि पुटपुटले, "बाई, सोडा."

"सोडते," बाई म्हणाल्या. सुया खाली ठेवल्याचा आवाज आला.

पाणी उसळलं! असं उसळलं की पहिल्या क्षणी लोक टाळ्या वाजवायचेसुद्धा विसरले. मग कडकडाट झाला. वरच्या साहेबांनी नऊ कांड्यांकडे आपल्याच कर्तबगार मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. मोठे साहेब हरखून गेले. आनंदाच्या भरात त्यांनी दुय्यमांना हात धरून पुढे ओढलं.

"साहेब, हे सगळं यांनी बघितलं. माझ्या जागी मी यांचंच नाव सुचवतो!"

"मग सुचवता कशाला? दिलं!" वरचे साहेब म्हणाले. पाण्यानं त्यांना उदार केलं होतं.

"काडी इकडे आणा," मोठे साहेब म्हणाले, आणि फोटोवाल्याकडे बघत स्वतःच्या हातानं दुय्यमांची काडी ओढली. चार. पाच. सहा. सात. शेवटची नळी टक् करून बाहेर आली आणि पुन्हा टाळ्या झाल्या. "आज आमच्यासमोर आत घ्यायची नाही. आज मान तुमचा!"

तिसऱ्या रांगेत बायकोनं साडूकडे पाहिलं.

पाणी मात्र कुणाच्या मानासाठी थांबत नव्हतं. आधी त्याचे तुषार आले, ते सगळ्यांना आवडले. मग वारा फिरला आणि आख्खी धार व्यासपीठावर झुकली. गालिचा भिजला, गुच्छ वाहून गेले, वरच्या साहेबांच्या बुटात पाणी शिरलं.

"बास, आता बंद करा," वरचे साहेब नऊ कांड्यांत म्हणाले.

खर्रर्र.

"बंद करा!" मोठे साहेब सहा कांड्यांत म्हणाले. खर्रर्र.

"हो म्हणतायत ना?" वरच्या साहेबांनी विचारलं. त्यांची विजार एव्हाना गुडघ्यापर्यंत भिजली होती. "मग बंद का होत नाही?"

"अहो, सांगा ना तुम्ही!" मोठे साहेब दुय्यमांवर ओरडले. "आता तुम्हाला तर पुऱ्या सात आहेत!"

दुय्यम साहेबांनी सात कांड्यांत सांगितलं. त्यांना ठाऊक होतं की ते कुठेही पोचणार नाही. त्यांचा अंगठा आपोआप काडीच्या टोकावर गेला. चार कांड्या आत ढकलायच्या, एवढंच. चार वेळा टक् आणि सगळं थांबलं असतं. पण मघाशीच वर आलेला माणूस शेकडो लोकांसमोर, फोटोवाल्यासमोर, साडूसमोर चावीवालीच्या पायरीवर उतरताना दिसला असता. शिवाय, का, असं कुणीतरी विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर दोन साहेब चिंब भिजलेले असताना द्यायचं नव्हतं.

त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. बायकोच्या केसांतून पाणी निथळत होतं. तिची नजर अंगठ्यावर होती. तिनं मान हलवली. नाही.

अंगठा खाली आला. शौचालयाकडे पळावं असा विचार आला, तर वरचे साहेब मोजे पिळायला आधीच आत गेले होते आणि त्यांनी कडी लावून घेतली होती.

"मी स्वतः जातो, साहेब!" दुय्यम साहेब गरजले. "जातीनं जाऊन बंद करतो!"

टेकडीवर जायला दगडी पायऱ्या होत्या आणि त्या अशा उघड्या कड्यावर की चढणारा माणूस सगळ्या गावाला दिसायचा. झुडूपसुद्धा आडोशाला नव्हतं. दुय्यम साहेब चढू लागले. हातात वॉकीटॉकी, वर ताठ सात कांड्या. खाली लोकांना वाटलं, केवढा हा कर्तव्यदक्ष माणूस, आणि भिजलेल्या हातांनी त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजत होत्या तोवर काडी आत घेता येईना, आणि त्या थांबल्या तेव्हा टाकी आली होती.

"बाई," दुय्यम साहेब कठड्याला धरून धापा टाकत म्हणाले, "बंद करा."

"इश्श! मग बोलायचं होतं ना, साहेब. चढून कशाला आलात?" बाईंनी सुया खोचून ठेवल्या. "सोडा म्हणालात ते साफ आलं. नंतर कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, आवडलंय लोकांना."

त्यांनी चाक फिरवलं. तशी फारशी गरज उरली नव्हती. टाकीच्या तळाशी चिखल दिसू लागला होता.

चौकशी झाली. ती होणारच होती. मोठ्या साहेबांनी जाता जाता निष्कर्ष काढला की चावीवाल्या बाईंना हुकूम ऐकू आला नाही, कारण त्यांची काडी फारच आखूड होती, अवघी तीन कांड्यांची. तरी त्यांना दोन कांड्या वाढवून देण्यात याव्यात. नव्या मुख्य साहेबांनी, म्हणजे आपल्या दुय्यमांनीच, त्यावर सही केली. सही करताना पेन किंचित अडखळलं, पण खोलीला दार होतं, ते कुणी पाहिलं नाही.

आठवडाभरानं बाईंनी त्यांना टाकीवर गाठलं. "साहेब, पायरी वाढली, बरं वाटलं. पण तेव्हापासून मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. वय झालं का हो माझं?"

साहेबांनी बाईंच्या पाच कांड्यांकडे पाहिलं, आपल्या सातांकडे पाहिलं. "कान तपासून घ्या एकदा," ते म्हणाले.

आता ते रोज सकाळी पायऱ्या चढून जातात आणि कोणत्या भागाचं सोडायचं ते तोंडी सांगून येतात. दुपारी बंद करायला सांगायला पुन्हा चढतात. अध्येमध्ये गुडघे धरून बसतात. त्या दिवशी बाजारपेठ तशीच राहते.

"अहो, घरात तरी आखूड करून बोला की," बायको एकदा बंगल्यात तेल चोळताना म्हणाली.

"आता कुणाशी? ऐकणारं कोण राहिलंय तिकडे?"

तर शेवटचा हिशेब असा. वरच्या साहेबांचे बूट गेले आणि भाषणाला एक किस्सा मिळाला. मोठ्या साहेबांना घरी बसून खरखरीवाचून करमत नाही एवढंच, बाकी ते सुखरूप सुटले. बाईंना दोन कांड्या आणि भरपूर शांतता मिळाली. स्वेटर पुरा झाला, दुसरा सुरू आहे, बाह्या लांब आहेत. साडूचा टब कोरडा पडला, म्हणून तो सहकुटुंब आंघोळीला बंगल्यावर येतो आणि भावजींच्याच साबणानं अंग चोळतो. नव्या साहेबांना दार मिळालं, घंटी मिळाली, रात्रंदिवस धार मिळाली. त्यांचे गुडघे तेवढे गेले.

आणि पाइपलाइनच्या शेपटाला, तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या जुन्या बिऱ्हाडात आता एक नवं जोडपं राहतं. त्यांच्या नळातून सकाळी नुसती हवा येते. त्यातली बाई बादली घेऊन जिना चढते आणि प्रत्येक वळणावर थांबून नवऱ्याला काहीतरी ऐकवते. तो नुकताच पाणीखात्यात चार कांड्यांवर लागलाय.